आंघोळ न केलेला मुलगा

गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीला सांगली जिल्ह्यातल्या एका नर्सिंग कॉलेजात अॅडमिशन मिळाली. कॉलेज ख्रिस्ती ट्रस्टचं. पहिल्याच दिवशी तिनं हॉस्टेलच्या नियमांच्या कागदाचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. संध्याकाळी साडेसहाच्या आत गेटच्या आत. साडेनऊला मोबाइल मेट्रनकडे जमा. भेटायला येणाऱ्यांची नावं आधी रजिस्टरमध्ये. खोलीत इस्त्री, किटली, हीटर चालणार नाही. सकाळच्या प्रार्थनेला हजेरी. आंघोळीचं गरम पाणी पावणेसहा ते पावणेसात.

मावशीला कागद फार आवडला. भावानं 'जेल आहे का?' असं लिहून तीन हसऱ्या इमोजी टाकल्या. बहिणीचा प्रश्न वेगळाच होता. तिनं मला खासगीत विचारलं, "दादा, प्रार्थनेला जायलाच लागतं का? आपण तर त्यांच्यातले नाही." मी तेव्हा तिला काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. पण तो कागद डोक्यातून जाईना, आणि त्यातही अडकलो तो आंघोळीपाशी. कारण आपल्या या सातारा-सांगलीच्या मुलखातली शिक्षणाची सगळ्यात मोठी गोष्ट सुरू होते तीच मुळी एका हॉस्टेलातल्या आंघोळीपासून.

साल १९०८, गाव कोल्हापूर. शाहू महाराजांनी अस्पृश्य मुलांसाठी एक वसतिगृह सुरू केलं. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या मुलीचं नाव त्याला दिलं: मिस क्लार्क होस्टेल. त्याच्या उद्‌घाटनाला जैन बोर्डिंगमध्ये राहणारा एक दांडगा मुलगा गेला. वय वीस-एकवीस, कुस्तीचा नाद, गणिताशी कायमचं वैर. परत आल्यावर बोर्डिंगच्या प्रमुखांनी त्याला सांगितलं, आंघोळ कर आणि मग आत ये. अस्पृश्यांच्या वस्तीत जाऊन आलास, विटाळ झाला.

मुलगा म्हणाला, करणार नाही.

एवढंच. त्यावरून त्याला बोर्डिंगातून काढून टाकलं. मुलाचं नाव भाऊराव पायगौंडा पाटील. घराणं ऐतवडे बुद्रुकचं, म्हणजे आजच्या वाळवा तालुक्यातलं. जन्म आजोळी, कुंभोजला, २२ सप्टेंबर १८८७. पुढे 'कर्मवीर' म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते हेच. आणि काढून टाकणारे प्रमुख म्हणजे अण्णासाहेब लठ्ठे.

इथे लठ्ठ्यांना खलनायक करून मोकळं होण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. लठ्ठे एम. ए. झालेले, ब्राह्मणेतर चळवळीतले मोठे विद्वान. पुढे कोल्हापूरचे दिवाण झाले, १९३७ साली मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले, शाहू महाराजांचं इंग्रजी चरित्रही त्यांनीच लिहिलं. जातिभेदावर भाषण द्यायला सांगितलं असतं तर भाऊरावांपेक्षा त्यांनी दसपट चांगलं दिलं असतं. तरीही हॉस्टेलच्या दारात ते म्हणाले, आंघोळ कर. कारण त्यांच्या पाठीशी समाज होता. समाजाच्या देणग्या होत्या, पोरांना पाठवणारे गावोगावचे आईबाप होते. 'तुमच्या बोर्डिंगात सोवळं पाळत नाहीत' एवढी कुजबुज गावाकडे पोचली असती तर चार पोरं परत गेली असती. हॉस्टेल चालवणारा माणूस मुलांना उत्तर देत नसतो, त्यांच्या घरच्यांना देत असतो. माझ्या मावशीला तो कागद का आवडला, ते आठवा.

मुळात कोल्हापुरात जातवार वसतिगृहं का निघाली, हेही बघण्यासारखं आहे. शाहू महाराजांनी १८९६ मध्ये आधी सगळ्या जातींसाठी एकच होस्टेल काढून बघितलं होतं, राजाराम होस्टेल. पण तिथे ब्राह्मण मुलांचाच भरणा झाला; बाकीची मुलं येईनात, आली तरी टिकेनात. खेड्यातून आलेल्या शेतकऱ्याच्या पोराला शहरात खोली कोण देणार, आणि खानावळीत पंगतीला कोण बसवून घेणार? तेव्हा महाराजांनी दुसरी वाट धरली. ज्या-त्या समाजानं आपलं बोर्डिंग काढावं, जागा आणि मदत दरबार देईल. १९०१ मध्ये मराठ्यांचं व्हिक्टोरिया बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैनांचं. मग मुसलमान, लिंगायत, शिंपी, सोनार असं करत ख्रिस्ती विद्यार्थ्यांपर्यंत ही यादी वाढत गेली. कोल्हापूरला 'वसतिगृहांची जननी' म्हणतात ते यामुळे. हजारो पोरं यातून शिकली. पण प्रत्येक बोर्डिंगची चूल वेगळी होती. खोलीचा प्रश्न सुटला, पंगतीचा तसाच राहिला.

आता त्या ख्रिस्ती हॉस्टेलांकडे येऊ, ज्यांच्या कागदावरून ही गोष्ट निघाली.

या भागात मिशनरी फार आधीपासून होते. कोल्हापुरात रॉयल वाइल्डर १८५२ सालीच येऊन पोचले होते. साताऱ्यात आणि वाईत अमेरिकन मराठी मिशनची ठाणी होती. सांगली संस्थानात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशननं मुलांची बोर्डिंग शाळा चालवली, तिला जोडून उद्योगशाळा काढली, पुढे शेतीचंही शिक्षण आलं. डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ मध्ये भारतात आले ते आधी सांगलीतच. मग मिरजेला गेले, १८९४ मध्ये तिथलं हॉस्पिटल उघडलं आणि १८९७ मध्ये मेडिकल स्कूल सुरू केलं. (सातारा आणि सांगली ही नावं मी एका दमात घेतोय, पण तेव्हा सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थानं होती आणि वाळवा सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला, त्याचं १९६० मध्ये 'सांगली' झालं.)

मिशन बोर्डिंगचा दिवस घंटेवर चालायचा. घंटेला उठायचं, प्रार्थना, शाळा, हाताचं काम, पुन्हा प्रार्थना. रविवार म्हणजे शब्बाथ, त्या दिवशी देवळात जायचं. मराठी ख्रिस्ती माणूस चर्चला आजही सहज 'देऊळ' म्हणतो, हे शहरात वाढलेल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. नियम कडक होते, पण एक गोष्ट तिथे होती जी कोल्हापूरच्या बाकी कुठल्याच बोर्डिंगात नव्हती: महार, मांग, क्वचित मराठा, क्वचित ब्राह्मण घरातून आलेली पोरं एका पंगतीला बसायची. अमेरिकन मराठी मिशननं तर जात सोडणं ही मंडळीत येण्याची अटच केली होती. सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचं, त्याला 'प्रीतिभोजन' असा सुंदर शब्द आहे. जात लगेच गेली असं नाही. लग्न ठरवताना ती हळूच परत यायची, याच्या तक्रारी मिशनरी स्वतःच करत. पण ताट एक होतं.

त्या ताटाची किंमत होती ती प्रार्थना. आणि गावाकडे परतल्यावर 'पोटासाठी बाटला' हा टोमणा.

मुलींच्या बाबतीत तर हॉस्टेल नसतं तर शिक्षणच नसतं. नर्सिंग बघा. परक्या माणसाच्या जखमा धुवायच्या, रात्रपाळी करायची, मलमूत्र उचलायचं. सोवळ्याच्या घरातली मुलगी या कामाला येणं शक्य नव्हतं, आणि जी यायची तिला गावात खोली मिळणं शक्य नव्हतं. म्हणून हॉस्पिटलच्या आवारातच राहायचं, मेट्रनच्या नजरेखाली. साडेसहाचं गेट तिथून आलंय. ते मुलीला कोंडण्यासाठी होतं की गावाच्या जिभेपासून वाचवण्यासाठी, याचं एकच उत्तर मला देता येत नाही. दोन्हीसाठी होतं, आणि कारण बदललं तरी गेट बदललेलं नाही.

प्रार्थनेला जायलाच लागतं का, हा बहिणीचा प्रश्न तर अख्ख्या महाराष्ट्रानं एकदा भांडून घेतलेला आहे. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या, पैसा अमेरिकेतून येणारा, आणि राहणाऱ्या मुली बहुतेक ब्राह्मण विधवा. रमाबाईंनी शब्द दिला होता की कुणावर धर्माची सक्ती होणार नाही. मुली आपलं सोवळं पाळू शकत होत्या, आपली व्रतं करू शकत होत्या. नियम म्हणून बघाल तर त्या काळातला सगळ्यात उदार नियम. फक्त रमाबाई आपल्या मुलीला, मनोरमेला घेऊन प्रार्थनेला बसत तेव्हा त्या खोलीचं दार बंद करत नसत. काही मुली येऊन बसायला लागल्या. येऊ नका असं सांगायला रमाबाई तयार नव्हत्या. माझ्या घरात मी दार का लावू, असा त्यांचा पवित्रा होता. 'केसरी'नं रान उठवलं. १८९३ मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालक येऊन मुलींना घेऊन गेले.

एका उघड्या दारावरून केवढं रामायण! पण त्याच सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. तिनं १८९३ मध्येच धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, आणि कर्व्यांनी विधवांसाठी हिंगण्याला जे आश्रम उभारलं त्याची मुळं कुठे आहेत ते वेगळं सांगायला नको. उघड्या दारातून काही मुली प्रार्थनेत गेल्या, काही भलतीकडेच निघून गेल्या. दार लावलं असतं तर दोन्ही झालं नसतं, असं मला वाटतं.

परत भाऊरावांकडे. बोर्डिंगातून निघालेला मुलगा काही दिवस शाहू महाराजांच्या आसऱ्यानं राहिला. शिक्षण मात्र मॅट्रिकपर्यंतही पोचलं नाही. त्यानंतर जे घडलं ते कादंबरीत आलं असतं तर आपण 'फारच फिल्मी' म्हणालो असतो. १९१४ मध्ये कोल्हापुरात बादशहा एडवर्डच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं. संशय लठ्ठ्यांवर आणला गेला, आणि पोलिसांना साक्षीदार हवा होता. लठ्ठ्यांनी हाकलून दिलेला जुना विद्यार्थी याहून सोयीचा साक्षीदार कुठे मिळणार? भाऊरावांना पकडलं, लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष दे म्हणून छळलं, तुरुंगात ठेवलं. त्यांनी साक्ष दिली नाही. ज्या माणसाचा नियम पाळला नाही, त्याच माणसासाठी तुरुंग सोसला. हा प्रसंग मला त्या आंघोळीपेक्षाही मोठा वाटतो, पण भाषणांत आंघोळच येते.

पोटासाठी भाऊरावांनी फिरतीची कामं केली. ओगलेवाडीचे प्रभाकर कंदील विकले, किर्लोस्करांचे नांगर विकले. नांगर विकणारा माणूस गावोगाव बांधावर बसतो, शेतकऱ्याच्या घरी भाकरी खातो, पोरं का शिकत नाहीत ते ऐकतो. हॉस्टेलची कल्पना त्यांना पुस्तकातून आलेली नाही. १९१० च्या सुमारास वारणाकाठच्या दूधगावात त्यांनी मित्रांबरोबर सगळ्या जातींच्या मुलांसाठी पहिलं वसतिगृह उभं केलं होतंच. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली आणि तिथे वसतिगृह सुरू झालं. ते पुढे धनिणीच्या बागेत रमलं. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजी तिथे आले आणि त्याचं नाव ठेवलं गेलं, श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस.

नावाची गंमत बघा. ज्या शाहू महाराजांनी जातवार बोर्डिंगं काढली, त्यांच्या नावाचं हे बोर्डिंग जातवार नव्हतं. महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान, सगळी पोरं एकत्र. याला गुरूचा पराभव म्हणायचं की गुरूनं १८९६ मध्ये सुरू करून पुढे सोडून दिलेला प्रयोग शिष्यानं पुरा केला म्हणायचं? मी दुसरं म्हणेन. फक्त शिष्यानं एक फरक केला. राजाराम होस्टेलात सगळ्यांना यायची मुभा होती. इथे सगळ्यांना स्वयंपाकाला लागायचं होतं.

हाच या बोर्डिंगचा खरा नियम. स्वयंपाक, दळण, पाणी, झाडलोट, बागेतलं काम, सगळं मुलांनी करायचं. त्यात पाळ्या. म्हणजे आज भाकरी थापणारा मांगाचा मुलगा, उद्या भांडी घासणारा पाटलाचा मुलगा. 'तू याच्या हातचं खातोस का?' असा प्रश्न कुणी कुणाला विचारत नव्हतं; भूक लागली की ताट समोर यायचं आणि ज्याची पाळी त्याच्या हातचं असायचं. समतेवर प्रवचन नाही, शपथ नाही, प्रार्थनेची अटही नाही. फक्त पाळीचा तक्ता.

'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे वाक्य रयतच्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकानं भिंतीवर वाचलंय. आमच्या पिढीला ते सुविचारासारखं वाटतं. पण त्या बोर्डिंगात त्याचा अर्थ हिशेबाचा होता. स्वयंपाकी ठेवला तर त्याची जात कोणती, हा प्रश्न येतो. देणगीवर चालवलं तर देणगीदाराचं सोवळं येतं. मिशनकडून घेतलं तर प्रार्थना येते. म्हणून आपलं आपण रांधा. धान्य गावोगाव फिरून गोळा करायचं, मूठ-पसा जे मिळेल ते.

आणि ते नाही मिळालं तर? तिथे लक्ष्मीबाई येतात. भाऊरावांच्या पत्नी, सधन जैन घरातल्या, लग्नात अंगभर सोनं घेऊन आलेल्या. ज्या घरातून त्या आल्या तिथे परजातीच्या पोराला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊ देणंही अशक्य होतं. साताऱ्यात त्या या सगळ्या पोरांची आई झाल्या. दागिना-दागिना करत सोनं बोर्डिंगच्या धान्यात गेलं. शेवटी एकदा भाऊराव गावाला गेलेले असताना कोठी रिकामी झाली, तेव्हा त्यांनी मंगळसूत्र दिलं. १९३० मध्ये त्या गेल्या. हा प्रसंग 'त्याग' या शीर्षकाखाली शाळेत इतक्यांदा सांगितला गेलाय की त्यातली बाई दिसेनाशी झाली आहे. भाऊरावांनी विटाळ झुगारला तेव्हा ते विशीतले, तापट, पहिलवान गडी होते; त्यांनी गमावलं ते एक हॉस्टेल. लक्ष्मीबाईंनी रोज, चुलीपुढे, आपल्या आईनं शिकवलेलं एकेक सोवळं उतरवलं. त्यांना कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न मला पडतो.

भाऊरावांचं बोर्डिंग काही लाडाचं नव्हतं, हेही सांगायला हवं. शिस्त करडी होती. स्वतः आडदांड, दाढीधारी, आवाज मोठा. पोरं चळाचळा कापायची. आजच्या मुलांना तिथला दिवस दाखवला तर ते माझ्या भावासारख्याच तीन इमोजी टाकतील. पण तिथून निघालेल्यांपैकी बॅ. पी. जी. पाटील केंब्रिजपर्यंत गेले, परत साताऱ्यालाच शिकवायला आले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

बोर्डिंगाला मग शाखा फुटल्या. पुणे करारानंतर १९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग निघालं, नावातच एकी. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल, मोफत आणि निवासी. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज, 'कमवा आणि शिका' या पायावर. कॉलेजच्या पोरांनी माती वाहिली, खडी फोडली, फी त्यातून भागवली. वडाचं झाड हे रयतचं चिन्ह आहे, आणि वडाची पारंबी जमिनीला टेकली की तिथे नवं मूळ धरते, हे भाऊरावांना शेतकरी म्हणून ठाऊक होतं. ९ मे १९५९ रोजी ते गेले.

कोल्हापुरातली जुनी जातवार बोर्डिंगं आजही उभी आहेत, दसरा चौकाच्या आसपास फिरलात तर पाट्या वाचता येतात. माझा एक मित्र त्यातल्या एकात चार वर्षं राहिला, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत. शहरात एका कॉटला जे भाडं पडतं त्याच्या पाव भागात. तो म्हणतो, "जातीमुळे खोली मिळाली, नाहीतर मी गावाकडेच असतो." आणि शहरातल्या फ्लॅटमालकांचं 'फक्त व्हेज फॅमिली' चालूच आहे, तिथे नियमांचा कागदही कुणी देत नाही, फोनवर आडनाव विचारतात आणि 'खोली गेली' म्हणतात.

ही सगळी गोष्ट मी दिवाळीत बहिणीला सांगितली. तिनं ऐकून घेतली आणि विचारलं, "मग लठ्ठे आणि ते पुन्हा बोलायला लागले का?" मी म्हटलं, तुरुंग सोसला म्हटल्यावर वैर कुठलं राहतंय.

प्रार्थनेला ती जाते. मागच्या रांगेत उभी राहते, गाणी आता पाठ झाली आहेत, त्यातलं एक तर घरी भांडी घासताना म्हणत होती आणि मावशीनं चमकून बघितलं. मेसमध्ये मात्र भांडण चालू आहे. बाहेरचे आचारी आहेत, भाजीत नुसतं पाणी असतं, आणि मुलींनी मेट्रनकडे अर्ज दिलाय की रविवारचा स्वयंपाक आम्हाला करू द्या. अर्जावर एकवीस सह्या आहेत. अजून उत्तर आलेलं नाही.